एका प्रथिनकुलाचें वृत्त

आपल्या महाराष्ट्रांत कुलवृत्तान्त लिहिण्याची हौस मोठी आहे. मूळ पुरुष कोण, तो कोणत्या गांवाहून निघाला, त्याच्या शाखा किती झाल्या व त्या कोठें कोठें पसरल्या, हें सारें वंशवृक्षाच्या रूपानें मांडून अशा ग्रंथाचा संपादक कृतकृत्य होतो. परंतु हे वृत्तान्त बहुधा तीन-चारशें वर्षांच्या पलीकडे जात नाहींत. तेथून पुढें दंतकथेचें राज्य लागतें. प्रस्तुत लेखांत ज्या कुलाचें वृत्त आम्ही सांगणार आहों, त्याचें वय कोटींनीं मोजावें लागतें. त्याचें दप्तर नाहीं, त्याच्या सनदा नाहींत. तरीहि त्याचा वंशवृक्ष पुष्कळ मानवी कुलांच्या वंशवृक्षांपेक्षां अधिक भरंवशाचा आहे. कारण या कुलांतील प्रत्येक व्यक्ति आपली वंशावळ स्वतःच्या अंगावर लिहून घेऊनच जन्मास येते. हें कुल म्हणजे आपल्या रक्तास लाल रंग देणाऱ्या हिमोग्लोबिन नामक प्रथिनाचें कुल होय.

विषय रसायनशाळेंतला, त्यांत इतिहासाच्या वाचकानें कां शिरावें, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण टोकाशीं, झरी जामणी तालुक्यांत, सांपडतें. पेनगंगेच्या अलीकडे हा तालुका, पलीकडे तेलंगणाचा आदिलाबाद प्रांत. काळ्या जमिनींत कापूस आणि कापसाच्या तासांमधून तूर, आणि गांवाच्या कडेस वा रानाच्या आडोशास वसलेले कोलामांचे पोड, असें येथील सामान्य दृश्य. मराठी, गोंडी, कोलामी व तेलुगु अशा चार भाषा या पट्ट्यांत शेजारीं नांदतात. याच पट्ट्यांत व त्याच्या भोवतालच्या विदर्भांत सिकल सेल नांवाचा रक्तविकार पिढ्यान् पिढ्या वास करून आहे. त्या विकाराचा इतिहास आणि उपरोक्त प्रथिनकुलाचा इतिहास हे एकाच ग्रंथाचे दोन अध्याय आहेत. पहिला समजल्यावांचून दुसरा कळत नाहीं, आणि दोन्ही न कळल्यामुळें माणसांवर अन्याय होतो. म्हणून हा खटाटोप.

प्रथिन म्हणजे काय, हें प्रथम थोडक्यांत सांगितलें पाहिजे. आपल्या वर्णमालेंत जसे वर्ण, तशीं सजीवांच्या शरीरांत वीस प्रकारचीं अमिनो आम्लें आहेत. हीं एकापुढें एक गुंफलीं म्हणजे माळ होते, आणि ती माळ स्वतःभोंवतीं विशिष्ट रीतीनें दुमडून बसली म्हणजे प्रथिन सिद्ध होतें. कोणता मणी कोठें बसावा, हें जनुकानें ठरविलेलें असतें. माळ कशी दुमडावी, हें मण्यांच्या क्रमानें ठरतें. आणि दुमडलेल्या आकारावरून तिचें कार्य ठरतें. कांहीं प्रथिनें शरीरांतील रासायनिक क्रिया हजारों पटींनीं वेगानें घडवून आणतात. त्यांस वितंचकें म्हणतात. हिमोग्लोबिन हें वितंचक नव्हे. तें हमाल आहे. फुप्फुसांत प्राणवायु उचलावयाचा आणि शरीराच्या कानाकोपऱ्यांत उतरावयाचा, एवढेंच त्याचें काम. त्यासाठीं त्याच्या प्रत्येक माळेच्या खोबणींत लोहयुक्त असा एक लहानसा रंगकण बसविलेला असतो.

आतां 'कुल' हा शब्द येथें कशास, हें पाहूं. भाषाशास्त्राच्या वाचकांस ही कल्पना नवी नाहीं. कॉल्डवेल यांनीं १८५६ सालीं द्राविडी भाषांचें तौलनिक व्याकरण प्रसिद्ध केलें, डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं १८७७ सालच्या आपल्या व्याख्यानमालेंत संस्कृतापासून मराठीपर्यंतचा प्रवास शब्दांच्या पुराव्यानें दाखविला. शब्दांची जुळवाजुळव करून, कोणता वर्ण कोठें बदलला हें पाहून, भाषांचीं नातीं ठरवावयाचीं, ही ती पद्धति. या पद्धतीनेंच एमिनो यांनीं १९५५ च्या आपल्या ग्रंथांत कोलामी भाषेचें वर्णन केलें, आणि चोहोंकडून मराठीनें वेढलेली ही बोली द्राविडी कुलाची आहे व नाइकी, परजी, गदबा या तिच्या जवळच्या बहिणी आहेत, हें अभ्यासकांच्या पदरांत पडलें. प्रथिनांच्या बाबतींत हेंच घडलें. मात्र शब्दांच्या जागीं अमिनो आम्लांच्या माळा आल्या, आणि अपभ्रंशाच्या जागीं जनुकांतील चुका.

हिमोग्लोबिन हें नांव १८६४ सालीं होप-झायलर या जर्मन शास्त्रज्ञानें रूढ केलें. रक्तांतील हा पदार्थ साखरेसारखा स्फटिकरूप होतो, हें त्यापूर्वींच लोकांच्या ध्यानांत आलें होतें. १९०९ सालीं अमेरिकेंत राइकर्ट आणि ब्राउन या दोघांनीं एक विलक्षण उद्योग पुरा केला: शेंकडों प्राण्यांचें रक्त घेऊन त्यांच्या हिमोग्लोबिनचे स्फटिक त्यांनीं तपासले, मोजले, त्यांचीं छायाचित्रें घेतलीं, आणि जवळच्या प्राण्यांचे स्फटिक जवळचे, दूरच्यांचे दूरचे, असें दाखवून दिलें. माळेंतील मण्यांचा क्रम तर दूरच, माळ म्हणून कांहीं असते हेंहि तेव्हां निश्चित झालेलें नव्हतें. अक्षरें वाचतां न येणाऱ्या माणसानें केवळ पोथ्यांच्या आकारावरून त्यांचें घराणें ओळखावें, तसा हा प्रकार होता. पुढील अर्धशतकानें त्यांची दिशा बरोबर होती असें ठरविलें.

याच सुमारास दुसरा धागा सुरू होतो. १९१० सालीं शिकागोच्या डॉ. हेरिक यांनीं कॅरिबियन समुद्रांतील ग्रेनाडा बेटाहून शिकावयास आलेल्या एका तरुणाच्या रक्तांत गोल रक्तपेशींऐवजीं विळ्यासारख्या वांकड्या पेशी पाहिल्याची हकीकत प्रसिद्ध केली. पुढें १९२७ मध्यें प्राणवायु कमी झाला म्हणजेच पेशी वांकड्या होतात, हें हान व गिलेस्पी यांनीं दाखविलें. १९४९ हें वर्ष तर या इतिहासांत पानिपताइतकें निर्णायक. त्या सालीं नील आणि बीट यांनीं स्वतंत्रपणें सिद्ध केलें कीं, आई व बाप या दोघांकडून दोष आला तर रोग होतो. एकाकडूनच आला तर माणूस केवळ वाहक राहतो व सामान्यतः निरोगी आयुष्य जगतो. आणि त्याच सालीं लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी इटानो, सिंगर आणि वेल्स यांनीं निरोगी व रोगी हिमोग्लोबिन विजेच्या प्रवाहांत ठेवून पाहिलें. दोघांची चाल निराळी निघाली. वाहकाच्या रक्तांत दोन्ही प्रकार एकत्र सांपडले. रोग पेशींत नाहीं, तर रेणूंत आहे, असें वैद्यकाच्या इतिहासांत प्रथमच ठामपणें म्हणतां आलें.

रेणूंत म्हणजे नेमका कोठें? त्याचें उत्तर केंब्रिज येथें व्हर्नन इन्ग्रॅम यांनीं १९५६-५७ मध्यें दिलें. त्यांनीं ट्रिप्सिन या वितंचकानें दोन्ही प्रकारच्या माळांचे तुकडे केले व ते कागदावर पसरून ताडून पाहिले. सगळे तुकडे जुळले. एकच जुळला नाहीं. हिमोग्लोबिनच्या एका रेणूंत चार माळा असतात, दोन आल्फा व दोन बीटा. आल्फा १४१ मण्यांची, बीटा १४६ मण्यांची. त्यांपैकीं बीटा माळेच्या सहाव्या स्थानीं ग्लुटामिक आम्लाऐवजीं व्हॅलिन बसलें होतें. बाकी कांहींएक फरक नव्हता. १४६ अक्षरांच्या ओळींत एक अक्षर चुकलें, एवढाच तो अपराध. परंतु व्हॅलिनचा स्वभाव तेलकट. प्राणवायु उतरविल्यावर शेजारच्या रेणूवर जी तेलकट खोबण उघडी पडते, तींत तें जाऊन अडकतें. रेणूस रेणू चिकटून दोऱ्या होतात, दोऱ्यांनीं पेशी ताणली जाते व विळ्याचा आकार घेते. निरोगी रक्तपेशी सुमारें १२० दिवस जगते. ही दहा-वीस दिवसांत मोडते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत तुंबल्या म्हणजे हाडांत व सांध्यांत ज्या वेदना उठतात, त्यांचें वर्णन करण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं.

पुढचें पाऊल रचनेचें. मॅक्स पेरुट्झ यांनीं १९३७ सालीं हिमोग्लोबिनच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकण्यास आरंभ केला. रेणूचा आकार त्यांस दिसला तो १९५९ सालीं, बावीस वर्षांनीं. त्यांचे सहकारी जॉन केंड्रयू यांनीं त्याच्या थोडें आधीं देवमाशाच्या स्नायूंतील मायोग्लोबिन या धाकट्या भावंडाची रचना उलगडली होती. दोघांस १९६२ चें नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु पारितोषिकाहून मोठें आश्चर्य हें कीं, देवमाशाच्या स्नायूंतील ती माळ आणि घोड्याच्या रक्तांतील त्या माळा जवळजवळ एकाच घडीनें दुमडलेल्या निघाल्या. मण्यांचा क्रम ताडून पाहतां चारांत एक मणीच कसाबसा जुळतो. आकार मात्र तोच. जुन्या वाड्याच्या विटा, चुना, लांकूड सारें बदलावें आणि चौकाचा आंखणी-नकाशा तसाच राहावा, तसें हें झालें. लोहकणास धरून ठेवणारा हिस्टिडिन हा मणी मात्र सर्वांच्या घरीं आपल्या जागीं अढळ.

मग इन्ग्रॅम यांनीं १९६१ मध्यें या कुलाची वंशावळ मांडली: एका मूळ जनुकाची चुकून दुसरी प्रत निघाली; एक प्रत जुनें काम करीत राहिली, दुसरी स्वैरपणें बदलत गेली, आणि शाखा फुटत गेल्या. १९६२ मध्यें झुकरकॅंडल व पॉलिंग यांनीं सुचविलें कीं, हे बदल काळाच्या ओघांत साधारण ठराविक गतीनें सांचतात. म्हणून फरक मोजले तर विभक्तपणाचा काळ काढतां येतो. त्या हिशेबानें आल्फा आणि बीटा सुमारें ४५ ते ५० कोटि वर्षांपूर्वीं विभक्त झाल्या. मायोग्लोबिन त्याहूनहि आधीं वेगळें निघालें. माणूस व चिंपांझी यांच्या आल्फा आणि बीटा माळांत एकाहि मण्याचा फरक नाहीं. ज्यांस आपल्या कुलाचा फार अभिमान आहे, त्यांनीं या एका वाक्याचा निवांतपणें विचार करावा.

या वंशवृक्षाची सर्वांत दूरची फांदी झरी जामणीच्या शेतांत दिसते. तुरीचें रोप हळूच उपटून त्याच्या मुळांवरच्या गांठी नखानें फोडल्या, तर आंत गुलाबी-तांबडा रंग आढळतो. तो रंग हिमोग्लोबिनच्या कुलाचाच आहे. १९३९ सालीं जपानचे कुबो यांनीं सोयाबीनच्या गांठींत तो प्रथम ओळखला. त्या गांठींतील जंतु हवेंतील नत्र पकडून रोपास देतात; हें काम करणारें वितंचक प्राणवायूनें नासतें, आणि त्या जंतूंस जगण्यासाठीं तर प्राणवायु हवाच. हा पेंच तुरीच्या मुळांतील हें प्रथिन सोडवितें: तें प्राणवायु घट्ट धरून ठेवतें व जंतूंस मोजून मापून पुरवितें. माणसाचें आणि तुरीचें हें प्रथिन एकाच पूर्वजाचें, आणि तो पूर्वज शंभर कोटि वर्षांच्या पलीकडचा. तुरीच्या तासांतून चालणारा कोलाम शेतकरी आणि त्याच्या पायांखालचें मूळ, या दोघांमध्यें असें नातें आहे.

आतां आपल्या देशाकडे वळूं. भारतांत हा विकार प्रथम उजेडांत आला तो १९५२ सालीं. लेहमन व कटबुश यांनीं निलगिरीच्या आदिवासींत तो दाखविला. त्याच वर्षीं डनलॉप व मजुमदार यांनीं आसामच्या चहामळ्यांतील मजुरांत. आपल्या भागाची नोंद त्यानंतर लौकरच झाली: १९५८ सालीं शुक्ल आणि सोळंकी यांनीं 'लॅन्सेट' या नियतकालिकांत मध्य भारतांतील सिकल पेशींचें वृत्त दिलें, आणि नागपूर या विषयाच्या नकाशावर आलें. पुढील दशकांतील पाहण्यांनीं सबंध विदर्भ, सातपुड्याचा पट्टा व मराठवाड्याचा कांहीं भाग त्यांत समाविष्ट केला. भिल्ल, पावरा, माडिया, परधान, ओतकर अशा कांहीं जमातींत वाहकांचें प्रमाण शेंकडा २० ते ३५ पर्यंत आढळलें. ज्या जिल्ह्यांत प्रत्येकीं पांच हजारांहून अधिक रुग्ण असावेत असा अभ्यासकांचा अंदाज आहे, त्यांत गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, भंडारा व नंदुरबार यांच्या पंक्तीस यवतमाळहि आहे.

येथें एका गैरसमजाचें निरसन केलें पाहिजे. हा 'आदिवासींचा रोग' आहे, असें सर्रास बोललें जातें. विदर्भांतील पाहण्यांत तो गोंडी बोलणारांत आढळतो, तसाच पिढ्यान् पिढ्या मराठीच बोलणाऱ्या समाजांतहि आढळतो. भाषेचें कुल निराळें आणि रक्ताचें निराळें; एकावरून दुसऱ्याचा तर्क करणें हें इतिहासाच्या विद्यार्थ्यास शोभत नाहीं. हें जनुक जात पाहून आलें नाहीं. हिवताप पाहून आलें. ॲलिसन यांनीं १९५४ सालीं आफ्रिकेंतील पुराव्यावरून दाखविलें कीं, वाहक माणसास घातक हिवतापापासून बरेंच संरक्षण मिळतें. जेथें रानें, ओढे आणि डांस यांचा सुकाळ, तेथें वाहकांचीं मुलें अधिक जगलीं. म्हणजे ज्या अक्षरास आपण चूक म्हणतों, त्या अक्षरानें या रानांतल्या कित्येक पिढ्या तारल्या; आणि त्याची किंमत, दोन्हीकडून तें अक्षर वांट्यास आलेल्या मुलांनीं भरली.

हें अक्षर प्रथम कोठें बदललें, याविषयीं विद्वानांत वाद आहे. जनुकाच्या आजूबाजूच्या खुणा पाहून १९८० नंतरच्या दशकांत असें ठरलें कीं, आफ्रिकेंत तें कित्येक वेळां आणि अरबस्तान-भारत या टापूंत आणखी एकदां स्वतंत्रपणें उद्भवलें. आपल्याकडील प्रकारास अरब-भारतीय असेंच नांव आहे. २०१८ मध्यें श्रायनर व रोटिमी यांनीं सबंध जनुकसंचाच्या अभ्यासावरून उलट प्रतिपादन केलें: उगम एकच, आफ्रिकेंत, सुमारें ७,३०० वर्षांपूर्वीं, बाकी सारे प्रवास. आम्हांस येथें निवाडा करावयाचा नाहीं. मात्र दुसरें मत टिकलें, तर पेनगंगेच्या कांठचें एक मूल आणि सेनेगलमधील एक मूल यांच्यामध्यें सात हजार वर्षांच्या स्थलांतराचा एक न लिहिलेला इतिहास उभा आहे, एवढें म्हणावें लागेल.

ज्ञान वाढलें म्हणून शहाणपण वाढतें, असें मात्र नाहीं. ज्या पॉलिंग यांनीं हा रोग रेणूंत आहे हें जगास शिकविलें, त्यांनींच १९६८ सालीं लिहिलें कीं, प्रत्येक वाहक तरुणाच्या कपाळावर तशी खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमांत पडणार नाहींत. हेतु दुःख टाळण्याचा होता, हें मान्य. परंतु १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंत घाईनें केलेल्या तपासण्यांमुळें निरोगी वाहकांसहि नोकऱ्या व विमे नाकारले गेले. गोंदण कपाळावर न पडतां कागदावर पडलें, एवढाच फरक. आपल्याकडे गोंदण हें हौसेचें आणि सौभाग्याचें. तें कलंकाचें करणें आपणांस परवडणार नाहीं. हिशेब सोपा आहे: दोघे वाहक असतील तर प्रत्येक गर्भास रोग होण्याचा संभव चारांत एक, एकच वाहक असेल तर रोगाचा संभव नाहीं. हा हिशेब लग्नापूर्वीं मुलगा व मुलगी या दोघांनीं समजून घेणें हें शहाणपण. आणि केवळ मुलीचा कागद पाहून तिचें लग्न मोडणें, किंवा रोगी मूल झालें म्हणून एकट्या आईस बोल लावणें, हें अज्ञान. दोष दोघांकडून आल्यावांचून रोग होत नाहीं, हें १९४९ पासून सिद्ध आहे. घराघरांत मात्र तें अद्याप पोंचावयाचें आहे.

१ जुलै २०२३ रोजीं मध्य प्रदेशांतील शहडोल येथें केंद्र सरकारनें या विकाराच्या निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळिशीच्या आंतील सात कोटि लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत निर्मूलन, असा तिचा संकल्प आहे. संकल्प स्तुत्य होय. परंतु 'निर्मूलन' हा शब्द आम्हांस थोडा बोंचतो. रोगाचें दुःख निर्मूल व्हावें. वाहक हा निर्मूल करण्याचा पदार्थ नव्हे. तपासणीच्या कागदामागून समजावून सांगणारा माणूस पोडापर्यंत गेला नाहीं, तर कागद पुन्हां गोंदणाचेंच काम करील.

उपचाराची आशा मात्र याच कुलाच्या वृत्तान्तांतून उगवली आहे, आणि ही गोष्ट आम्हांस सर्वांत रमणीय वाटते. गर्भांत असतांना मुलाच्या रक्तांत बीटाऐवजीं गामा ही तिची बहीण काम करते. जन्मानंतर कांहीं महिन्यांत ती निवृत्त होते. तान्ह्या मुलांत हा रोग दिसत नाहीं, याचें कारण गर्भावस्थेचें हिमोग्लोबिन असावें, असें जॅनेट वॉटसन यांनीं १९४८ सालींच सुचविलें होतें. हायड्रॉक्सियुरिया हें हल्लीं दिलें जाणारें औषध मुख्यतः या निवृत्त बहिणीसच पुन्हां कामास लावतें. अरब-भारतीय प्रकारांत गामा मुळांतच अधिक टिकून राहते. म्हणून आपल्याकडे रोग सौम्य असावयाचा, असें म्हणत. परंतु नागपूरकडच्या मुलांचा अनुभव सर्वत्र तसा सौम्य नाहीं, हेंहि लक्षांत ठेविलें पाहिजे. २०२३ च्या अखेरीस प्रथम ब्रिटन व मग अमेरिकेंत संमत झालेला जनुकोपचार गामास अडविणारा अटकावच दूर करतो. त्याची अमेरिकेंतील किंमत २२ लाख डॉलर आहे; झरी जामणीच्या शेतकऱ्यापुढें हा आंकडा उच्चारणेंहि क्रूरपणाचें ठरेल. हायड्रॉक्सियुरियाची गोळी मात्र त्याच्या आटोक्यांतली आहे. ती वेळेवर, नियमितपणें, गांवाजवळच्या दवाखान्यांत मिळाली पाहिजे, इतकेंच.

कुलवृत्तान्ताच्या शेवटीं संपादक साधारणपणें कुलाच्या थोरवीचा उल्लेख करून वाचकांचा निरोप घेतो. या कुलाची थोरवी निराळी आहे. त्यांत तुरीचें मूळ आहे, देवमासा आहे, घोडा आहे, चिंपांझी आहे आणि आपण सर्व आहों. ज्या मुलाच्या माळेंत सहावा मणी निराळा आहे, तेंहि याच कुलाचें मूल आहे. त्याला पंक्तींतून उठविण्याचा अधिकार या वंशवृक्षानें कोणासहि दिलेला नाहीं.